गृहीत

शब्द तोंडातून निघून गेला आणि मग सिनिक्काच्या लक्षात आलं, की त्याचा दुसराही अर्थ होता. दुभाष्यांच्या केबिनीच्या काचेपलीकडे खाली सुनावणीच्या सभागृहात कोणाच्याच चेहऱ्यावर काही हललं नाही. माणसं कानाला यंत्र लावून बसली होती आणि त्यांच्या कानात तिचा आवाज पोचला होता. "ते माझं गृहीतक आहे," असं ती इंग्रजीत म्हणाली होती. मोठ्या कंपनीचे वकील पेलहॅम यांनी किंचित मान झुकवली, आभार मानले, आणखी प्रश्न नाहीत म्हणाले आणि खाली बसले. बसताना त्यांनी कोटाचं बटण सोडलं, काम झालेला माणूस सोडतो तसं. शेजारी बसलेल्या मार्केत्तानं कागदाचा कपटा तिच्यासमोर सरकवला. त्यावर तो मूळ फिन्निश शब्द लिहिला होता, ओलेतुस, आणि पुढे प्रश्नचिन्ह. सिनिक्कानं माइक बंद केला. 

ओलेतुस म्हणजे पुरावा नसताना खरी धरलेली गोष्ट. अंदाज, गृहीतक. लहानपणापासून तिला हाच अर्थ ठाऊक होता. पण संगणकवाल्यांनी अलीकडे त्या शब्दाला दुसरं काम लावलं होतं. यंत्रात आधीच ठरवून दिलेलं, तुम्ही स्वतः काही केलं नाहीत तर आपोआप जे चालू होतं, ते म्हणजेही ओलेतुस. खाली साक्षीला बसलेला वेइक्को लामपिनेन सकाळपासून हाच शब्द या दुसऱ्या अर्थानं वापरत होता. तो फिनलंडच्या उत्तरेकडल्या ओउलूचा. मूठभर माणसांना घेऊन त्यानं एक ब्राउझर बनवला होता. त्याची तक्रार अशी, की मोठी कंपनी आपल्या संगणक प्रणालीबरोबर स्वतःचा ब्राउझर बांधूनच देते, तो पहिल्या दिवसापासून पडद्यावर असतो, आणि मग दुसरा शोधायला कोण जातं? वेबसाइट बनवणारेही त्या एकाच ब्राउझरपुरतं बघतात. त्याच्या मावशीच्या बँकेचं पान त्याच्या ब्राउझरमध्ये उघडलं तर वाकडंतिकडं दिसतं आणि वर सूचना येते, की कृपया नेहमीचा ब्राउझर वापरा. माझी सख्खी मावशी माझा ब्राउझर वापरत नाही, असं तो म्हणाला तेव्हा सभागृहात थोडा हशा पिकला. भाषांतर पोचायला वेळ लागतो तेवढं उशिरा.

पेलहॅम यांचं म्हणणंही काही वेडगळ नव्हतं. कोणावरही सक्ती नाही, असं ते शांतपणे सांगत होते. दुसरा ब्राउझर फुकट मिळतो, कॉफी गाळून होईस्तोवर उतरवून होतो. आणि ब्राउझरच नसलेला संगणक विकला, तर गिऱ्हाइकानं दुसरा ब्राउझर आणायचा कुठून आणि कशातून? घर विकताना दारं काढून घेऊन विकायची का? लोक बदलत नाहीत, कारण त्यांना बदलायचं नसतं. त्यात सरकारनं मध्ये पडावं असं काय आहे? मग त्यांनी वेइक्कोकडे वळून विचारलं होतं, की लोक तुमच्याकडे येत नाहीत ते आमच्या या एका कृतीमुळे, असं तुम्ही म्हणता. हे तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता?  वेइक्कोनं समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं. आणि मग म्हणाला, "ते, ते ओलेतुस." एवढंच. आधीच घालून दिलेला ब्राउझर, तोच आधार, असंही असू शकत होतं. किंवा खरंच, ते माझं गृहीतक. दोन्ही बसत होतं. सिनिक्काच्या तोंडून गृहीतक निघालं, आणि तिच्या इंग्रजीवरून फ्रेंच, जर्मन, इटालियन केबिनींनी ते आपापल्या भाषेत पुढे नेलं. फिर्यादीनं स्वतःच कबूल केलं होतं, की आपल्यापाशी आधार नाही.

मार्केत्ता त्या दिवशी दुभाष्यांच्या चमूची प्रमुख होती. तिनं हलक्या आवाजात सांगितलं, "दुरुस्ती द्यायची असेल तर आत्ता दे. सुट्टीनंतर दिलीस तर लोकांना वास येतो."

"त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलेलं नाही."

"मग तेव्हा कसं कळलं?"

 सिनिक्काला तेव्हाही काहीच कळलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं हजारो शब्द असे कानातून तोंडापर्यंत आणले होते, आणि त्यांतले बहुतेक ती निवडत नव्हती, ते येत होते. जे आधीपासून दाराशी उभं असतं ते आधी बाहेर पडतं. आणि आज दाराशी काय उभं होतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. काल संध्याकाळी राइयाशी फोनवर बोलणं झालं होतं. राइया तिची धाकटी बहीण, फिनलंडात कुओपिओजवळ तळ्याकाठी आईच्या घरात राहणारी. सिनिक्का नेहमीप्रमाणे बोलत होती. ऑगस्टमध्ये येते, दोन आठवडे राहीन, आईचे गुडघे कसे आहेत, आणि हो, हिवाळ्यात तिला वृद्धाश्रमात वगैरे हलवू नको, घरीच बरी. खिडकीत उभी राहून, मिरचीच्या रोपाची पिवळी पानं खुडत ती हे सगळं म्हणाली.  मग राइया म्हणाली, "तू गृहीत धरलंस." काय गृहीत धरलं, असं सिनिक्कानं विचारलं. "सगळंच," राइया म्हणाली आणि फोन ठेवला. तिनं आदळला नाही, नीट ठेवला. ओलेतित. तू गृहीत धरलंस. तेच क्रियापद. रात्रभर ते दाताच्या फटीत अडकलेल्या तुसासारखं जिभेला लागत राहिलं होतं.

आणि खरंच, कधी ठरलं होतं ते? सिनिक्का आठवू लागली. खाली सुनावणीचे अध्यक्ष थिल कुठल्याशा कागदाच्या प्रती वाटायला सांगत होते, मार्केत्तानं माइक स्वतःकडे घेतला होता, आणि सिनिक्का काचेला कपाळ टेकवायचं टाळत आठवत होती. वडील गेले तेव्हा ती ब्रुसेल्सला येऊन फार दिवस झाले नव्हते. सहा महिन्यांसाठी आली होती. फिनलंड नुकतंच युरोपीय संघात सामील झालं होतं, संघाच्या आयोगाला फिन्निश दुभाष्यांची टंचाई होती, शहरातल्या स्कारबेक भागात एक फर्निचरसकट फ्लॅट मिळाला. तो अजून तिच्याकडे होता. घरमालकाच्या सासूचं भलंमोठं कपाट, गुलाबी फुलांच्या पडद्यांची दांडी, स्वयंपाकघरातलं डुगडुगतं टेबल, यातलं काहीच तिनं आणलं नव्हतं आणि यातलं काहीच तिनं टाकलंही नव्हतं. ल्युक नावाचा एक माणूस आला, काही वर्षं राहिला, गेला. कपाट राहिलं. तर वडिलांच्या अंत्यविधीनंतर घरी कॉफी आणि वेलदोड्याचा पाव मांडला होता, नातलग चिखलाचे बूट दाराशी काढून मोज्यांवर फिरत होते, आणि कोणीतरी, बहुधा काकानं, विचारलं होतं, की आता आईचं कसं? तेव्हा राइया कॉफीची किटली घेऊन फिरत होती. आणि सिनिक्का म्हणाली होती, "राइया आहे ना." अगदी सहज. त्यात वाईट हेतू नव्हता. राइया तिथं होतीच. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, बिनलग्नाची, घरापासून सायकलीच्या अंतरावर. राइयानं काकाच्या कपात कॉफी ओतली आणि पुढच्या कपाकडे गेली. ती नाही म्हणाली नव्हती. पण कोणी काही विचारलं असतं, तर ती नाही किंवा हो काहीतरी म्हणू शकली असती.

सुट्टी झाली. केबिनच्या मागच्या जिन्यावर सिनिक्का पाणी प्यायला उभी होती, तेवढ्यात वेइक्कोची वकील मादाम स्तोर्दर वर आली. पक्षकारांनी दुभाष्यांना असं गाठायचं नसतं, हे दोघींनाही माहीत होतं. स्तोर्दर धापा टाकत होती. तिनं फ्रेंचमध्ये भरभर सांगितलं, की माझा अशील सकाळपासून तो शब्द एकाच अर्थानं वापरतोय, तुम्ही तो भलत्याच अर्थानं नेलात, आता दुरुस्त करा, नाहीतर आमची तीन वर्षं पाण्यात जातील.

"त्यांना विचारलंत?" सिनिक्का म्हणाली.

"विचारलं."

"काय म्हणाले?"

स्तोर्दरनं कठड्यावर हात ठेवला. "म्हणतो, विचार करावा लागेल. बाई, तुमच्याकडचे लोक असेच असतात का? सोपा प्रश्न होता."

 स्तोर्दर खाली गेली. जिन्याच्या वळणावर पेलहॅम यांचा एक सहायक हातात कॉफीचा पेला घेऊन उभा होता, त्यानं वर पाहिलं आणि मग मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. म्हणजे आता दुरुस्ती दिली तर ती स्तोर्दरनं मागितली म्हणून दिली असं दिसणार. नाही दिली तर एक चुकीचा शब्द, कदाचित चुकीचा शब्द, ध्वनिमुद्रणात कायमचा बसणार. आणि यात तिची स्वतःची इच्छा काय होती? ती वेइक्कोच्या बाजूची होती का? तिला त्याचं बोलणं आवडत होतं, हे खरं. त्याच्या बोलण्यात उत्तरेकडचे लांबट स्वर होते, आजोबांच्या बोलण्यासारखे. सकाळपासून ती त्याच्या वतीनं "मी" म्हणत होती. माझी मावशी. माझी कंपनी. माझा ब्राउझर. दुपारी पेलहॅम यांच्यातर्फे कोणी फिन्निश साक्षीदार आला असता, तर त्याच्या वतीनंही तिनं तेवढ्याच मनापासून "मी" म्हटलं असतं. हा धंदाच तसा. दिवसभर दुसऱ्यांचा मी वापरायचा आणि संध्याकाळी घरी गेल्यावर आपला कुठं ठेवलाय ते शोधायचं, असं मार्केत्ता एकदा गमतीनं म्हणाली होती. सिनिक्काला आता हसू आलं नाही. तिला फक्त एवढं दिसत होतं, की शब्दाला दोन दारं होती आणि तिनं एक बंद करून टाकलं होतं, कोणाला न विचारता.

सुनावणी पुन्हा सुरू होताच तिनं बटण दाबलं. स्वतःचा आवाज स्वतःसाठी वापरताना तो तिला बारीक वाटला. ती म्हणाली, की दुभाष्याकडून एक दुरुस्ती आहे. साक्षीदारांनी वापरलेल्या शब्दाचे दोन अर्थ होतात, एक गृहीतक आणि दुसरा यंत्रात आधीच ठरवून दिलेली गोष्ट. दुभाष्यानं त्यांतला पहिलाच सांगितला. साक्षीदारांना कोणता अभिप्रेत होता हे दुभाष्याला माहीत नाही.

सभागृहात खुर्च्या करकरल्या. पेलहॅम उठले. अतिशय सभ्य शब्दांत ते म्हणाले, की त्यांना दुभाष्यांबद्दल नितांत आदर आहे, परंतु सुट्टीच्या आधी स्पष्ट असलेलं उत्तर सुट्टीनंतर धूसर व्हावं, आणि मधल्या वेळात फिर्यादीच्या वकील जिन्यावर दिसाव्यात, याची नोंद व्हावी. हे सगळं सिनिक्कालाच वेइक्कोच्या कानात फिन्निशमध्ये सांगावं लागलं. फिन्निशमध्ये बोलायची पाळी तिचीच होती. स्वतःविरुद्धची तक्रार तिनं शब्दनशब्द, काही न गाळता सांगितली. थिल यांनी चष्मा काढून वर केबिनकडे पाहिलं, मग नोंद झाली म्हणाले, आणि म्हणाले, की साक्षीदार इथंच आहेत, त्यांनाच विचारू. श्री. लामपिनेन, तुम्हाला काय म्हणायचं होतं?

स्तोर्दर वेइक्कोच्या अगदी जवळ बसली होती. तिनं मान हलवली नाही, पण तिचा पेन थांबला. वेइक्कोनं पेला उचलला, पाणी न पिता परत ठेवला. मार्केत्तानं माइककडे बोट करून भुवया उंचावल्या, म्हणजे मी घेऊ का. सिनिक्कानं नको म्हटलं.

वेइक्को बोलू लागला आणि ती अर्ध्या वाक्याच्या अंतरानं त्याच्या मागून निघाली. "बाईंनी पहिल्यांदा जे सांगितलं तेच मला म्हणायचं होतं," तो म्हणाला. "माझ्या वकिलांना हे आवडणार नाही. सकाळपासून मी तो शब्द दुसऱ्या अर्थानं वापरत होतो, पण त्या वेळी तसा वापरला नाही. यांनी मला आधार विचारला. माझा ब्राउझर लोकांनी घेतला असता, हे मी धरून चाललोय. कदाचित घेतला नसता. माझ्या मावशीनं तरी घेतला असता का, मला माहीत नाही. ती त्या जुन्यालाही ब्राउझर म्हणत नाही, ती त्याला इंटरनेट म्हणते." कोणी हसलं नाही. "पण लोकांना तोच हवा आहे, हे या साहेबांनीही धरूनच ठेवलंय. त्यांच्यापाशी तरी कुठं आधार आहे? लोकांपुढे आजवर कोणी चार नावं ठेवून विचारलेलंच नाही. आधी विचारा. मग मी हरलो तर हरलो."

"मग मी हरलो तर हरलो," असं सिनिक्का इंग्रजीत म्हणाली आणि तिच्या मागून फ्रेंच, जर्मन, इटालियन केबिनींतून तेच वाक्य तीनदा निघालेलं काचेतून अस्पष्ट ऐकू आलं. स्तोर्दरनं डोळे मिटून घेतले होते. पेलहॅम काहीतरी लिहीत होते आणि पुष्कळ वेळ लिहीत राहिले.

त्या प्रकरणाचा निकाल लागायला वर्ष उलटून गेलं. तोपर्यंत सिनिक्काला अशा सुनावण्यांचं काम मिळेनासं झालं होतं. जिन्यावरच्या भेटीबद्दल कार्यालयानं एक कोरडी समज दिली आणि तिची नेमणूक मासेमारीच्या बैठकांवर होऊ लागली, जिथं बांगडा आणि कॉड यांच्या वाटण्यांवरून मंत्रालयांची माणसं दिवसच्या दिवस भांडत. तिथल्या शब्दांना एकेकच अर्थ असे, याचं तिला बरं वाटे. निकाल तिनं वर्तमानपत्रात वाचला. कंपनीनं नवा संगणक सुरू होताच एक खिडकी दाखवायची, तीत निरनिराळ्या ब्राउझरांची नावं ठेवायची आणि माणसाला निवडू द्यायचं. ओलेतुसचा मुद्दा निकालात कुठं होता, होता की नव्हता, ते बातमीत नव्हतं. खिडकी आली. बऱ्याच लोकांनी तिच्यात आपला जुनाच ब्राउझर निवडला. काहींनी वेइक्कोचा घेतला. तो थोडा वाढला, मग थांबला, आणि पुढे वेइक्कोनं कंपनी दुसऱ्या कोणाला तरी विकली, असंही तिनं वाचलं. मोठ्या कंपनीच्या बाजूचे लोक म्हणाले, बघा, एवढा खटाटोप कशाला केलात. आयोगाचे लोक म्हणाले, निवड झाली हेच महत्त्वाचं. तिला दोन्ही ऐकताना कंटाळा आला. कोणीतरी ही दोन वाक्यं आपल्याला भाषांतर करायला दिली तर दोन्ही आपण सारख्याच आवाजात म्हणू, एवढं तिला जाणवलं.

निकाल लागला त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती कुओपिओला गेली. आधीच्या ऑगस्टमध्येही गेली होती, पण तेव्हा फोनवरच्या बोलण्याचा विषय दोघींपैकी कोणीच काढला नाही. आता आई दुपारची झोपली होती आणि त्या दोघी तळ्याच्या धक्क्यावर बसून मुइक्कू साफ करत होत्या. बोटाएवढी ती चंदेरी मासळी शेजाऱ्यानं टोपलंभर आणून दिली होती. राइयाचा हात चटचट चालत होता. अंगठ्यानं पोट फोडायचं, आतलं पाण्यात टाकायचं, मासा बादलीत. सिनिक्काचा हात सुटला नव्हता, तिचे मासे फाटत होते.

"राहू दे गं," राइया म्हणाली. "ब्रुसेल्सच्या बाईसाहेबांनी मासळीवर नुसतं बोलावं, हात लावू नये."

सिनिक्कानं हातातला मासा पूर्ण केला. मग विचारलं, "राइया, बाबा गेले तेव्हा, तुला आईजवळ राहायचं होतं का?"

राइयाचा अंगठा थांबला नाही. "आज हे कुठून निघालं?"

"विचारतेय."

"आता विचारून काय करणार? आईपायी सोडलेली शाळेतली नोकरी परत आणून देणार?"

"नाही."

 तळ्यावर कोणाची तरी मोटारबोट गेली, तिच्या लाटा धक्क्याखाली येऊन बुडबुडल्या. राइयानं मनगटानं कपाळावरचे केस मागे सारले.

"राहिलेच असते," ती म्हणाली. "तू तेव्हा विचारलं असतंस तरी हो म्हणाले असते. मला हे घर आवडतं. आई मला झेपते. तू तर तिला दोन आठवड्यांत वेड लावतेस. शहरात जाऊन मी काय करणार होते?"

सिनिक्काला सुटल्यासारखं झालं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं. कारण राइयानं हात थांबवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"इतकं हायसं वाटून घेऊ नकोस," राइया म्हणाली. "उत्तर तेच असतं, म्हणून काय झालं? माझं हो म्हणायचं राहूनच गेलं ना."

सिनिक्कानं मान हलवली. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण कानात दुसऱ्या कोणाचा आवाज नव्हता आणि आपला शब्द सुचायला वेळ लागत होता. शेवटी ती म्हणाली, "या हिवाळ्याचं काय करायचं? मी रजा काढून येऊ शकते. किंवा आईसाठी कोणी बाई बघू. किंवा तुला वाटेल ते. तुला काय हवंय?"

राइयानं बादली उचलली, तिरकी करून तळाशी साचलेलं पाणी ओतलं. घराकडे दोन पावलं गेली आणि वळली. तिच्या चेहऱ्यावरून सिनिक्काला काही वाचता येईना.

"विचार करून सांगते," राइया म्हणाली.